भारतातील प्रतिजैविकरोधी जीवाणूंचे सर्वेक्षण

प्रतिजैविकरोधी जीवाणूंचे सर्वेक्षण म्हणजे औषधांना दाद न देणारे जीवाणू कोठे, कोणत्या रुग्णांत व किती प्रमाणात आढळतात आणि ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसे पसरतात, याची सातत्याने व ठरावीक पद्धतीने नोंद ठेवण्याचे काम होय. भारतात हे काम प्रामुख्याने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र (एनसीडीसी) या दोन संस्थांच्या जाळ्यांमार्फत चालते. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सेवाग्राम येथील रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये या कामात सहभागी आहेत. मात्र बहुतेक माहिती मोठ्या शहरांतील रुग्णालयांतून येत असल्याने पारनेरसारख्या ग्रामीण तालुक्यांचे चित्र राष्ट्रीय आकडेवारीत पुरेसे उमटत नाही, ही या व्यवस्थेची प्रमुख उणीव मानली जाते.

## पार्श्वभूमी

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लावला. अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जीवाणू त्याला सरावतात, असा इशारा त्यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिला होता. भारतात पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना १९५४ मध्ये झाली आणि पेनिसिलिनचे देशी उत्पादन सुरू झाले. त्यानंतरच्या दशकांत प्रतिजैविके स्वस्त झाली व खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली. न्यूमोनिया, विषमज्वर, प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग अशा आजारांतील मृत्यू त्यामुळे कमी झाले. त्याचबरोबर गरज नसताना, अपुऱ्या मात्रेत किंवा चुकीच्या औषधाचा वापरही वाढला.

एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिजैविकरोधामुळे झाले. भारतासाठी हा अंदाज सुमारे २ लाख ९७ हजार इतका आहे. नवजात अर्भकांतील रक्तदोष, अतिदक्षता विभागातील न्यूमोनिया, शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग आणि कर्करोगाच्या उपचारांदरम्यान होणारे संसर्ग यांत रोधाचा धोका सर्वाधिक असतो.

## रोधाची निर्मिती व प्रसार

जीवाणूंची संख्या काही तासांत अनेक पटींनी वाढते. या वाढीत आनुवंशिक द्रव्यात लहानमोठी उत्परिवर्तने होतात. एखाद्या उत्परिवर्तनामुळे जीवाणू औषधापुढे तगून राहिला, तर औषधाच्या वापरामुळे इतर जीवाणू मरतात व हा तगलेला वंश वाढतो. अशा रीतीने एकाच जातीत भिन्न आनुवंशिक घडणीचे वंश तयार होतात. त्यांना प्रभेद म्हणतात.

रोधाच्या प्रसाराचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात रोधी प्रभेद स्वतःच एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जातो. न धुतलेले हात, दूषित पाणी, रुग्णालयातील नळ्या व उपकरणे ही त्याची माध्यमे होत. दुसऱ्या मार्गात केवळ रोधाचे जनुक प्रवास करते. अनेक जीवाणूंत मुख्य गुणसूत्राखेरीज प्लास्मिड नावाची वर्तुळाकार आनुवंशिक द्रव्याची लहान कडी असते. ती एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी भिन्न जातीच्या जीवाणूकडेही जाऊ शकते. एकाच प्लास्मिडवर अनेक औषधांविरुद्धची जनुके एकत्र असल्यास एका औषधाच्या वापराने इतर औषधांचा रोधही टिकून राहतो. त्यामुळे केवळ रोगी मोजून भागत नाही. प्रभेद आणि जनुक या दोहोंचा माग काढावा लागतो.

## सर्वेक्षणाच्या पद्धती

### संवर्धन व संवेदनशीलता चाचणी

रुग्णाचे रक्त, लघवी, थुंकी किंवा जखमेतील पू यांचा नमुना पोषक माध्यमावर ठेवून जीवाणूंची वाढ केली जाते. या चाचणीला व्यवहारात 'कल्चर' म्हणतात. वाढलेला जीवाणू ओळखल्यानंतर त्याच्या थरावर औषध भिनवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. साधारण १६ ते १८ तासांनी चकतीभोवती जीवाणू न वाढलेले गोल क्षेत्र दिसते. या क्षेत्राचा व्यास मोजून जीवाणू औषधाला संवेदनशील आहे की रोधी, हे ठरवले जाते. दुसऱ्या पद्धतीत जीवाणूंची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा शोधली जाते. कोलिस्टिन या अखेरच्या पर्यायातील औषधासाठी चकतीची पद्धत विश्वासार्ह नाही. त्यासाठी किमान मात्रेचीच चाचणी करावी लागते.

देशभरातील निष्कर्षांची तुलना करता यावी यासाठी सर्व प्रयोगशाळांनी समान मापदंड वापरणे, ज्ञात जीवाणूंवर नियमित पडताळणी करणे आणि एका रुग्णाचा एकच जीवाणू ठरावीक काळात एकदाच मोजणे आवश्यक असते. दीर्घकाळ रुग्णालयात असलेल्या एका रुग्णाचे दहा नमुने स्वतंत्र धरल्यास रोधाचे प्रमाण फुगते.

### जनुकीय पद्धती

जीवाणूच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन केल्यास दोन रुग्णांतील जीवाणू एकाच वंशातील आहेत काय, हे कळते. दोन जनुकसंचांतील फरक अत्यल्प असेल, तर अलीकडच्या काळात त्यांचा पूर्वज समान होता असा निष्कर्ष काढता येतो. अनेक जनुकसंचांची तुलना करून जीवाणूंचा वंशवृक्ष काढला जातो आणि त्यावर स्थळ व काळ नोंदवल्यास प्रसाराचा मार्ग दिसतो. भारतातील रुग्णालयांत आढळणाऱ्या क्लेब्सिएला न्यूमोनिए या जीवाणूच्या कार्बापेनेमरोधी नमुन्यांत एसटी २३१, एसटी १४७ व एसटी १४ हे वंश वारंवार आढळले आहेत.

विषमज्वराच्या जीवाणूवरील २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७,६५८ जनुकसंचांची तुलना करण्यात आली. त्यांतील सुमारे ३,५०० जनुकसंच २०१४ ते २०१९ या काळात भारत, पाकिस्तान, बांगलादेश व नेपाळ येथील रुग्णांकडून मिळालेल्या जीवाणूंचे होते. रोधी प्रभेदांनी १९९० नंतर सुमारे दोनशे वेळा एका देशातून दुसऱ्या देशात प्रवेश केल्याचे आणि दक्षिण आशिया हे त्यांचे मुख्य उगमस्थान असल्याचे त्यातून दिसून आले.

### सांडपाणी व पर्यावरण

रुग्णालयात न जाणाऱ्या लोकांच्या आतड्यांतील जीवाणूंची कल्पना सांडपाण्याच्या तपासणीतून येते. नवी दिल्लीतील एका अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, साचलेल्या व झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, तर नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये एनडीएम-१ जनुक आढळले. हैदराबादजवळील पाटनचेरू येथे अनेक औषध कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रियेसाठी एकत्र येते. तेथील प्रक्रिया केलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले.

## एनडीएम-१ व त्यावरील वाद

नवी दिल्लीतील रुग्णालयात उपचार घेऊन परतलेल्या, स्वीडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या एका रुग्णात २००८ मध्ये सर्व कार्बापेनेम औषधांना दाद न देणारा क्लेब्सिएला जीवाणू आढळला. त्यातील औषध निकामी करणाऱ्या विकराला 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१', संक्षेपाने एनडीएम-१, असे नाव देण्यात आले.

मुंबईच्या पी. डी. हिंदुजा रुग्णालयातील चमूने मार्च २०१० मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात मिळालेल्या २४ कार्बापेनेमरोधी आंत्रजीवाणूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ असल्याचे त्यात नमूद होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नई, हरियाणा, ब्रिटन इत्यादी ठिकाणच्या रुग्णांवरील शोधनिबंध ब्रिटनमधील नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर मोठा वाद उद्भवला. विकराला शहराचे नाव देणे अन्यायकारक असून त्यामुळे भारतातील वैद्यकीय पर्यटनाची बदनामी होते, अशी भूमिका भारत सरकारने व अनेक वैद्यकीय तज्ज्ञांनी घेतली. दुसरीकडे, नाव कोणतेही असले तरी देशाकडे स्वतःची विश्वसनीय आकडेवारी नाही, ही बाब या वादामुळे ठळक झाली.

यानंतर २०११ मध्ये प्रतिजैविकरोध नियंत्रणाचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये चेन्नई येथे विविध वैद्यकीय संघटनांची बैठक झाली. तिच्यातून पुढे आलेला आराखडा 'चेन्नई जाहीरनामा' या नावाने ओळखला जातो.

## राष्ट्रीय जाळी

आयसीएमआरचे प्रतिजैविकरोध सर्वेक्षण व संशोधन जाळे २०१३ मध्ये सुरू झाले. नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, चंडीगडची स्नातकोत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि पुदुच्चेरीची जिपमेर ही त्याची मध्यवर्ती केंद्रे आहेत. प्रादेशिक केंद्रांत महाराष्ट्रातील पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईचे हिंदुजा रुग्णालय व शीव येथील लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालय आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांचा समावेश होतो. प्रादेशिक केंद्रे आपली माहिती संगणकीय प्रणालीत भरतात व निवडक जीवाणू पुढील तपासणीसाठी मध्यवर्ती केंद्रांकडे पाठवतात.

एनसीडीसीचे जाळे बाराव्या पंचवार्षिक योजनेतील राष्ट्रीय कार्यक्रमातून उभे राहिले. त्यात मुख्यतः राज्यांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आहेत. पुण्याचे बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांपैकी एक आहे. माहिती संकलनासाठी या प्रयोगशाळा व्होनेट ही विनामूल्य संगणक प्रणाली वापरतात. भारत २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ग्लास' या जागतिक सर्वेक्षण व्यवस्थेत सहभागी झाला.

राष्ट्रीय कृती आराखडा एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाला. जनजागृती, सर्वेक्षण, संसर्ग प्रतिबंध, औषधांचा योग्य वापर, संशोधन व आंतरराष्ट्रीय सहकार्य ही त्याची सहा उद्दिष्टे होती. दुसरा आराखडा नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर करण्यात आला असून त्याचा कालावधी २०२५ ते २०२९ असा आहे.

### प्रमुख निष्कर्ष

आयसीएमआरच्या २०२१ च्या वार्षिक अहवालानुसार ई. कोलाय जीवाणूंपैकी इमिपेनेम या कार्बापेनेम औषधाला संवेदनशील असलेल्यांचे प्रमाण २०१६ मध्ये ८६ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६४ टक्क्यांवर आले. क्लेब्सिएला न्यूमोनिएच्या बाबतीत हे प्रमाण याच काळात ६५ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर घसरले. कार्बापेनेम हे गंभीर संसर्गातील मोजक्या उरलेल्या पर्यायांपैकी असल्याने ही घसरण चिंतेची मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या दर सहा जीवाणुजन्य संसर्गांपैकी एक रोधी होता. भारताचा समावेश असलेल्या आग्नेय आशिया विभागात हे प्रमाण तीनांत एक इतके होते.

## महाराष्ट्र

### क्षयरोग

क्षयरोगाच्या औषधरोधाची नोंद स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रमातून होते. मुंबईतील डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस उपलब्ध सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे चार रुग्ण नोंदवले. यासाठी वापरलेली 'पूर्णतः औषधरोधी' ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली नाही, कारण काही औषधांच्या प्रयोगशाळेतील चाचण्या पुरेशा विश्वासार्ह नव्हत्या. तथापि या घटनेनंतर मुंबईतील निदान व उपचारांच्या सोयी वाढवण्यात आल्या. मे २०१२ मध्ये केंद्र सरकारने क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाला कळवणे बंधनकारक केले आणि त्यासाठी 'निक्षय' ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली.

पहिले राष्ट्रीय औषधरोधी क्षयरोग सर्वेक्षण २०१४ ते २०१६ या काळात झाले. त्यात बहुऔषधरोधी क्षयरोगाचे प्रमाण नव्या रुग्णांत २.८४ टक्के, तर पूर्वी उपचार घेतलेल्या रुग्णांत ११.६० टक्के आढळले. अर्धवट सोडलेल्या किंवा चुकीच्या उपचारांचा परिणाम या फरकातून दिसतो.

### विषमज्वर

भारतात विषमज्वराच्या प्रमाणाचा अभ्यास २०१७ ते २०२० या काळात दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे करण्यात आला. रक्ताच्या संवर्धनाने सिद्ध झालेल्या विषमज्वराचे प्रमाण शहरी केंद्रांत दरवर्षी एक लाख मुलांमागे ५७६ ते १,१७३ होते. ग्रामीण वढू येथे ते ३५ होते. वढू हे गाव पारनेरला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात आहे. शहरी रुग्णालयांतील आकडे ग्रामीण भागाला सरसकट लागू करता येत नाहीत, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

रोधी विषमज्वराला आळा घालण्यासाठी लसीकरण हा एक मार्ग आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयोगटातील सुमारे १ लाख १३ हजार मुलांना विषमज्वराची संयुग्म लस दिली. सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेमार्फत या लसीची मोहीम राबवण्याचा हा जगातील सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक होता.

## ग्रामीण भाग: पारनेर तालुक्याचे उदाहरण

पारनेर हा अहिल्यानगर, पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पश्चिम भागातील पर्जन्यछायेतील तालुका आहे. राळेगणसिद्धी येथील पाणलोट विकासामुळे तो देशभर परिचित आहे. पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील सुपे येथे औद्योगिक वसाहत आहे. आरोग्यसेवेची रचना राज्यातील इतर तालुक्यांप्रमाणेच उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय अशी असून पुढील उपचारांसाठी रुग्णाला जिल्हा रुग्णालयात किंवा पुण्याला जावे लागते.

अशा तालुक्यातील रुग्ण सर्वेक्षणात येण्यासाठी अनेक टप्पे पार व्हावे लागतात. रुग्णाने प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी डॉक्टरकडे जाणे, डॉक्टरने संवर्धन चाचणी सांगणे, नमुना योग्य वेळेत व योग्य तापमानात प्रयोगशाळेत पोहोचणे आणि ती प्रयोगशाळा राष्ट्रीय जाळ्यात असणे, हे ते टप्पे होत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर संवर्धनाची सोय नसते. खासगी प्रयोगशाळेत ही चाचणी खर्चिक असते व निष्कर्षाला दोन ते तीन दिवस लागतात. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या रुग्णाला तेवढा वेळ थांबणे परवडत नाही. त्यामुळे अंदाजाने औषध दिले जाते. रुग्ण बरा झाल्यास नोंद होत नाही. बरा न झाल्यास तो दोन-तीन औषधे घेऊन शहरातील मोठ्या रुग्णालयात पोहोचतो व तेथे त्याचा जीवाणू मोजला जातो. परिणामी ग्रामीण भागातील केवळ अवघड झालेले रुग्णच आकडेवारीत दिसतात, आणि तेही शहराच्या खात्यावर.

### पशुपालन

अहिल्यानगर हा राज्यातील प्रमुख दूध उत्पादक जिल्ह्यांपैकी एक आहे. अवर्षणप्रवण गावांत संकरित गायींचे पालन व कुक्कुटपालन हे शेतीचे महत्त्वाचे जोडधंदे आहेत. दुभत्या गायींना होणाऱ्या कासदाहावर, ज्याला शेतकरी 'दगडी' म्हणतात, प्रतिजैविके सडातून किंवा इंजेक्शनद्वारे दिली जातात. औषध दिल्यानंतर ठरावीक दिवस दूध विक्रीस न काढण्याचा नियम आहे. परंतु दुधाच्या रोजच्या उत्पन्नावर घर चालवणाऱ्या कुटुंबाला हे दूध टाकून देणे जड जाते. कोंबड्यांत काही औषधे आजार नसतानाही वाढीसाठी खाद्यातून दिली जात असत. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. या औषधाविरुद्धचे, प्लास्मिडवरून पसरणारे एमसीआर-१ जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये प्रथम आढळले होते.

प्राणी व मासे यांतील रोधाच्या सर्वेक्षणासाठी भारतीय कृषी संशोधन परिषद आणि अन्न व कृषी संघटना यांच्या सहकार्याने 'इन्फार' हे स्वतंत्र जाळे उभारण्यात आले आहे. माणूस, प्राणी व पर्यावरण यांची तपासणी एकत्रितपणे करण्याच्या या दृष्टिकोनाला 'एक आरोग्य' असे म्हणतात.

## मर्यादा व टीका

* प्रातिनिधिकतेचा अभाव: राष्ट्रीय आकडेवारी मुख्यतः तृतीय स्तरावरील रुग्णालयांची आहे. तेथे येणारे रुग्ण अधिक गंभीर व आधी औषधे घेतलेले असल्याने समाजातील रोधाचे प्रमाण प्रत्यक्षाहून अधिक भासू शकते.
* खासगी क्षेत्र: देशातील बहुतांश बाह्यरुग्ण उपचार खासगी क्षेत्रात होतात, परंतु खासगी प्रयोगशाळांची माहिती राष्ट्रीय जाळ्यांत अल्प प्रमाणात येते.
* रुग्णांची माहिती: केवळ जीवाणूची नोंद असल्यास रुग्ण बरा झाला की दगावला, हे कळत नाही. त्यामुळे रोधामुळे झालेल्या मृत्यूंचा अंदाज गणिती प्रारूपांवर अवलंबून राहतो.
* माहितीचा विलंब: वार्षिक अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत तो काळ लोटलेला असतो. स्थानिक डॉक्टरला औषध निवडताना उपयोगी पडेल अशी तालुका किंवा जिल्हा पातळीवरील माहिती क्वचितच मिळते.

## उपाययोजना

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०१३ मध्ये 'एच-१' ही अनुसूची जोडण्यात आली व ती मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यातील प्रतिजैविके व क्षयरोगाची औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि औषधविक्रेत्याला विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. वेष्टनावरील उभी लाल रेघ ओळखून असे औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असे सांगणारी 'लाल रेघ' मोहीम २०१६ मध्ये सुरू झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ अयोग्य औषध-मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत काही प्रतिजैविकांची मिश्रणेही होती.

राज्य पातळीवर केरळने २०१८ मध्ये देशातील पहिला राज्य कृती आराखडा स्वीकारला. मध्य प्रदेश व दिल्ली यांनी त्यानंतर आपले आराखडे तयार केले. जिल्हा रुग्णालयांत संवर्धनाची सोय करणे, तेथील माहिती सर्वेक्षणात घेणे आणि ती संबंधित डॉक्टरांपर्यंत परत पोहोचवणे हे ग्रामीण भागासाठी सर्वांत उपयुक्त पाऊल ठरू शकते, असे मत तज्ज्ञ मांडतात. हात धुणे, शुद्ध पाणी, सांडपाण्याची विल्हेवाट व लसीकरण यांमुळे संसर्गच टळत असल्याने प्रतिजैविकांची गरज मुळातच कमी होते.

## हे सुद्धा पहा

* प्रतिजैविक
* पेनिसिलिन
* क्षयरोग
* विषमज्वर
* पारनेर तालुका
* हिंदुस्थान अँटिबायोटिक्स